डोळ्यातली गाठ आणि बी-स्कॅन: 'गेन कमी करून बघितलं का?'

गोदाकाठचा

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, 'सोनोग्राफी पोटाची ऐकली होती, डोळ्याची पण असते का?' तिथं दोन ओळी खरडून सुटलो, पण विषय तेवढ्यात आटपणारा नाही, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. मी नांदेडकडं डोळ्याच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. निदान डॉक्टरच करतात, पण बी-स्कॅनचा, म्हणजे डोळ्याच्या सोनोग्राफीचा, प्रोब दिवसभर माझ्या हातात असतो.

आपल्या भागात बी-स्कॅन सगळ्यात जास्त होतो तो पिकलेल्या मोतीबिंदूसाठी. सोयाबीन निघू दे, तूर घरात येऊ दे, नातीचं लग्न उरकू दे, असं करत म्हातारी माणसं डोळा पार पांढरा होईपर्यंत थांबतात. भिंग असं पिकलं की डॉक्टरांच्या बॅटरीचा उजेड आत पोचत नाही. ओसीटी (पडद्याचे थर दाखवणारी तपासणी) पण उजेडावरच चालते, त्यामुळं तीही निकामी. सोनोग्राफी चालते आवाजावर, आणि आवाजाला मोतीबिंदूची अडचण नाही. म्हणून ऑपरेशनच्या आधी मागं काय आहे ते आवाजानं बघून घेतात. बहुतेकदा सगळं ठीक असतं. कधी पडदा सरकलेला निघतो. आणि क्वचित मागच्या भिंतीवर एक उंचवटा दिसतो, जो तिथं असायला नको. हा धागा त्या उंचवट्याबद्दल.

पोटाच्या सोनोग्राफीत साधारण ३ ते ५ मेगाहर्ट्झचा आवाज वापरतात, डोळ्याला १० मेगाहर्ट्झच्या आसपास. जितकी वारंवारता जास्त तितकं चित्र बारीक, पण आवाज खोल जात नाही. डोळ्याला ते चालतं, कारण मोठ्या माणसाचा अख्खा डोळा पुढून मागं जेमतेम २३-२४ मिलिमीटर. आतल्या पाण्यात आणि व्हिट्रिअसमध्ये (भिंगामागच्या जेलीत) आवाज सेकंदाला सुमारे १५३२ मीटर जातो, भिंगातून सुमारे १६४१. प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला त्यावरून मशीन अंतर काढतं. ए-स्कॅनमध्ये हे प्रतिध्वनी एका रेषेवर उभ्या काट्यांसारखे दिसतात, बी-स्कॅनमध्ये त्यांचंच आडवं चिरलेलं राखाडी चित्र होतं.

मला आवडणारी गोष्ट अशी की डोळ्यावर आवाज वापरायची सुरुवातच गाठीपासून झाली. १९५६ मध्ये मुंड्ट आणि ह्यूज या अमेरिकन जोडीनं ए-स्कॅननं डोळ्यातल्या गाठीचे प्रतिध्वनी टिपले. दोन वर्षांनी बाउम आणि ग्रीनवूड यांनी बी-स्कॅनचं चित्र काढलं. मोतीबिंदूच्या भिंगाचा नंबर काढायला ए-स्कॅन घरोघरी पोचला तो नंतर.

आता मुद्दा. लोक माझ्याकडं दुसरीकडून केलेल्या स्कॅनचं प्रिंट घेऊन येतात आणि विचारतात, 'यात गाठ दिसतेय का हो?' त्या कागदावर एक क्षण गोठवलेला असतो. गाठीची परीक्षा मात्र स्क्रीनवर, डोळा हलत असताना आणि गेनचं बटण फिरवताना होते. गेन म्हणजे परत आलेला आवाज मशीननं किती मोठा करून दाखवायचा, ते डेसिबलमध्ये. पूर्ण गेनवर डोळ्यातला बारीकसा कचरासुद्धा पांढरा दिसतो. मग गेन हळूहळू खाली आणायचा. व्हिट्रिअसमधलं जुनं रक्त आधी मावळतं. सरकलेला पडदा बराच वेळ टिकतो. शेवटी चित्र जवळजवळ काळं झालं तरी जे पांढरं चमकत राहतं ते कॅल्शियम. भजनाच्या लाउडस्पीकरचा आवाज उतरवत नेला की शेवटी नुसते टाळ कानावर येतात, तसं.

तर कुणी 'बी-स्कॅनमध्ये गाठ आहे' किंवा 'काही नाही' म्हणालं, तर विचारा: गेन कमी करून बघितलं का? डोळा हलवून बघितला का?

जोंधळा

भारी लिहिलंय. वाचनखूण साठवली. प्रश्न साधाच आहे, डोळ्यात काही घालतात का? माझी माय पोटाच्या सोनोग्राफीला सुद्धा घाबरून बसली होती. डोळ्याचं नाव काढलं तर घरातून बाहेर निघणार नाही.

गोदाकाठचा

जोंधळा, बहुतेक वेळा पापणी मिटूनच करतो. पापणीवर थंडगार जेल, त्यावर पेनापेक्षा थोडा जाड प्रोब. 'आज्जी, वर बघा, आता खाली, आता कानाकडं बघा', एवढंच. दुखत नाही, सुई नाही, क्ष-किरण नाहीत. पाच-दहा मिनिटं. नंतर जेल पुसून घरी. फक्त डोळा फुटलेला असेल, म्हणजे पाचट लागलं, तार उडाली, बुबुळ फाटलं असा संशय असेल, तर प्रोब दाबून लावायचा नाही. तिथं आधी डॉक्टर.

सावळी_माय

माझ्या मामेभावाच्या लेकराचं सांगते. घरचे ऊसतोडीला जातात, दिवाळी झाली की कारखान्यावर, परत यायला उन्हाळा. लेकरू दीड वर्षाचं. रात्री कोपीत बॅटरी पडली की एक डोळा मांजरासारखा चमकायचा. आज्जी म्हणायची देवीचं आहे, कुणी म्हणालं फूल पडलंय. गावी आल्यावर अंगणवाडीच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि लगेच पुढं पाठवलं. तिथं डोळ्याची सोनोग्राफी केली, मग हैदराबाद. रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे पडद्याचा कर्करोग, निघाला. डोळा काढावा लागला, पण लेकरू आज शाळेत जातंय, नकली डोळा ओळखू येत नाही. मला एवढंच विचारायचंय की सोनोग्राफीतच त्यांना कसं कळलं? सुई टाकून तुकडा काढलाच नव्हता. आमच्या घरात अजून काही जण म्हणतात की तुकडा न तपासता डोळा काढला.

रेडिओ_लातूर

सावळीताई, हा प्रश्न मी घेतो. मी रेडिओलॉजिस्ट आहे, आणि घरच्यांना हे नक्की वाचून दाखवा.

रेटिनोब्लास्टोमाचा संशय असेल तर डोळ्यात सुई टाकतच नाहीत. सुईच्या वाटेनं पेशी डोळ्याबाहेर पसरू शकतात, आणि डोळ्यात बंदिस्त असलेला आजार बाहेर आला की सगळं गणित बदलतं. तुकडा न काढणं हा निष्काळजीपणा नव्हता, तोच नियम आहे. म्हणून तर इथं बाकीच्या तपासण्यांवर एवढी भिस्त असते.

या गाठीत बहुतेकदा कॅल्शियमचे कण असतात. गोदाकाठनी लिहिलंय तसं गेन उतरवला तरी ते चमकत राहतात, आणि त्यांच्या मागं काळी सावली पडते, कारण आवाज पुढं जातच नाही. दीड-दोन वर्षांच्या लेकराच्या डोळ्यात पांढरी चमक, आत गाठ, गाठीत कॅल्शियम, आणि डोळ्याची लांबी वयाला साजेशी, एवढं जुळलं की संशय फार बळकट होतो. डोळ्याची लांबी मुद्दाम लिहिली. जन्मतः व्हिट्रिअसची जुनी वाहिनी राहून गेलेली असते त्या आजारातही बाहुली पांढरी दिसते, पण तिथं डोळा बहुधा लहान असतो. कोट्स नावाच्या आजारात पडद्याखाली पाणी साचतं, त्यात कोलेस्टेरॉलचे कण तरंगतात, कॅल्शियम सहसा नसतं.

सीटी स्कॅनमध्ये कॅल्शियम झकास दिसतं, तरी लहान लेकरांत तो टाळतात. आरबी१ या जनुकातला दोष ज्यांच्या अंगात जन्मापासून आहे त्या मुलांना पुढं दुसरे कर्करोग व्हायचा धोका असतो, त्यात किरणोत्साराची भर नको. डोळ्याची नस आणि मेंदू बघायला एमआरआय.

एक विचारतो. त्या लेकराच्या भावंडांची तपासणी झाली का? सुमारे ४० टक्के रुग्णांत हा दोष अनुवंशिक स्वरूपाचा असतो, घरात आधी कुणाला नसला तरी. पाठची बहीण-भाऊ असतील तर डोळ्यात औषध टाकून पडदा तपासून घ्या, आणि आई-वडिलांचाही.

सावळी_माय

धाकटी बहीण आहे, आठ महिन्यांची. कुणी सांगितलंच नाही सर, का सांगितलं असेल आणि आमच्या लोकांना उमजलं नसेल. उद्याच फोन करते.

काळी_कसदार

@सावळी_माय, बाळासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला कळवा, आशाताईंकडं नंबर असतो. कार्ड असेल तर महात्मा फुले योजनेचं पण विचारून ठेवा. आमच्या परभणीच्या एका केसला तिथूनच मार्ग निघाला होता.

मुक्कामपोस्ट_बीड

मला जरा वेगळा सूर लावायचाय. आता एमआरआय आहे, ओसीटी आहे, मग १९५६ च्या तंत्राचं एवढं कौतुक कामून? मोठ्या शहरात गेलं की ते परत सगळं नव्यानं करायलाच लावतात. इथं केलेला स्कॅन म्हणजे पेशंटचे पैसे पाण्यात.

रेडिओ_लातूर

बीडकर, तंत्र जुनं आहे म्हणून ते निकामी होत नाही. एमआरआय हवाच, पण डोळ्याच्या मागच्या भिंतीवरची २-३ मिलिमीटर उंचीची गाठ मोजायला अजूनही अल्ट्रासाउंडच आधी हातात येतो. त्या मिलिमीटरवर काय अवलंबून असतं ते बघा.

कोरॉइड म्हणजे पडद्यामागचा रक्तवाहिन्यांचा थर, आणि मेलॅनोमा म्हणजे रंगपेशींचा कर्करोग. अमेरिकेत कोरॉइडच्या मेलॅनोमावर कॉम्स नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यातल्या मधल्या आकाराच्या गाठींच्या चाचणीत १९८७ ते १९९८ या काळात १३१७ रुग्ण घेतले. गाठ 'मधली' ठरायची ती उंचीवरून, साधारण २.५ ते १० मिलिमीटर, आणि ती उंची अल्ट्रासाउंडनं मोजत. निम्म्यांचा डोळा काढला, निम्म्यांच्या डोळ्यावर आयोडीन-१२५ ची किरणोत्सारी चकती काही दिवस शिवून ठेवली. १२ वर्षांपर्यंत पाहिलं तरी जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. म्हणजे असंख्य लोकांचा डोळा वाचवता येतो हे सिद्ध झालं, आणि कोणाचा, हे ठरवायला उंची लागते.

आपल्याकडं भाभा अणुसंशोधन केंद्रानं रुथेनियम-१०६ ची चकती तयार केली आहे, अणुइंधनाच्या कचऱ्यातून वेगळं केलेलं रुथेनियम. ती आपल्या देशातल्या मोठ्या नेत्रसंस्थांमध्ये वापरात आहे. रुथेनियमचे बीटा किरण फार खोल जात नाहीत, साधारण ५-६ मिलिमीटर उंचीच्या गाठीपर्यंतच ती चकती कामाची. आता सांगा, ५ आणि ७ मधला फरक कागदावर क्षुल्लक दिसला तरी पेशंटला क्षुल्लक आहे का?

तिथं परत स्कॅन करतात ते बरोबरच करतात, त्यांना स्वतःचं माप हवं असतं. पण इथं स्कॅन झालाच नसता तर पेशंट तिथवर गेलाच नसता.

मुक्कामपोस्ट_बीड

हे पटलं. तरी गेनबिन बघणारा माणूस प्रत्येक तालुक्याला कुठाय, हा प्रश्न राहतोच.

गोदाकाठचा

तो राहतो, मान्य. मशीन आहे आणि बघणारा नाही, असं चित्र मी पण पाहिलंय.

रेडिओ_लातूर सरांच्या मापाच्या मुद्द्यात भर घालतो. प्रोब थोडा तिरका धरला की तीच गाठ फुगलेली दिसते. आवाज भिंतीवर सरळ काटकोनात आपटला पाहिजे, तेव्हाच मागची रेघ ठसठशीत उमटते. दोन तपासण्यांत अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचा फरक हाताचा असू शकतो. म्हणून 'तीन महिन्यांत ०.३ नं वाढली' ऐकून रडारड करायची नाही, आणि 'फक्त ०.३' म्हणून पुढची तारीख चुकवायची पण नाही. शक्यतो त्याच मशीनवर, त्याच दिशेनं मोजून घ्या. मी रिपोर्टवर घड्याळाच्या काट्याप्रमाणं जागा लिहितो, 'उजवा डोळा, चार वाजता, मध्यरेषेच्या मागं', म्हणजे पुढचा माणूस थेट तिथं पोचतो.

हरवलेली_पाटी

सर, 'कोरॉइडचा मेलॅनोमा' सर्च केल्यावर भुईछत्रीसारख्या आकाराचे फोटो येतात. बाबांच्या रिपोर्टमध्ये 'कोरॉइडमध्ये घुमटाकार घन उंचवटा, आतले प्रतिध्वनी कमी ते मध्यम' असं लिहिलंय. भुईछत्री नाही म्हणजे मेलॅनोमा नाही ना? वय ६१, बाकी तब्येत ठीक, वजन मात्र उतरलंय. चार दिवस झोप नाही घरात कुणाला.

रेडिओ_लातूर

पाटी, निव्वळ आकारावरून हो किंवा नाही दोन्ही म्हणता येत नाही. भुईछत्रीचा आकार गाठ ब्रुकचा पडदा (कोरॉइडवरचा पातळ थर) फोडून वर आली की होतो. तो दिसला तर मेलॅनोमाकडं जोरात बोट जातं, पण बरेच मेलॅनोमा घुमटाकारच असतात. त्यात आवाज आत शिरताना काटे उतरत जातात, गाठीचा तळ काळसर पोकळ भासतो, आणि डोळा स्थिर ठेवला तरी आत बारीक लुकलुक दिसते. ती वाहत्या रक्ताची. याच्या उलट कोरॉइडच्या रक्तवाहिन्यांची साधी गाठ, हिमँजिओमा, ती आतून एकसारखी चमकदार. स्तन किंवा फुप्फुसाच्या कर्करोगातून पसरत आलेली गाठ बऱ्याचदा चपटी, खडबडीत, आतले प्रतिध्वनी कमीजास्त.

आता आपल्या मातीतलं. कोरॉइडचा मेलॅनोमा गोऱ्या, निळ्या डोळ्यांच्या लोकांत जास्त. आपल्याकडं तो होतो, पण कमी. इंटरनेटवरची चित्रं त्यांच्या पेशंटांची आहेत. आपल्याकडं असा उंचवटा दिसला की क्षयाची गाठ डोक्यात ठेवावीच लागते, ट्युबरक्युलोमा. बी-स्कॅनवर ती मेलॅनोमाची हुबेहूब नक्कल करू शकते, आणि ती गोळ्यांनी विरघळते. वजन उतरलंय म्हणता, तर छातीचा एक्स-रे, क्षयाच्या तपासण्या आणि सगळ्या अंगाची तपासणी झाली का ते डॉक्टरांना विचारा. दुसरा फसवणारा म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या कवचाची मागची सूज. तिथं कवच जाड होतं, मागं पाणी साचतं आणि नसेच्या बाजूनं इंग्रजी टी अक्षरासारखी काळी आकृती दिसते. त्यात डोळा बहुधा ठणकतो. बाबांचा डोळा दुखतो का?

हरवलेली_पाटी

दुखत नाही. धूसर दिसतंय एवढंच म्हणतात. एक्स-रे झालेला नाही. डोळ्याचं दुखणं म्हणून सगळे डोळ्यातच बघत होते. बाबांना पंधरा-वीस वर्षांपूर्वी क्षयाचे औषध सुरू होते, ते मी डॉक्टरांना सांगितलंच नाही, कुणी विचारलं पण नाही.

रेडिओ_लातूर

ते आधी सांगा. क्षयच असेल असं मी म्हणत नाही, पण ही माहिती फाइलच्या पहिल्या पानावर हवी.

तुळजापूर_रोड

+१. माझ्या काकूंचं उलटं झालं होतं. डोळ्यात गाठ दिसली, बी-स्कॅन करणाऱ्या मॅडमनी विचारलं, 'स्तनाची तपासणी कधी केलीय?' काकू लाजून गप्प. स्तनात गाठ वर्षभर होती, घरात कुणालाच सांगितली नव्हती. तिथून पुढं उपचार सुरू झाले.

बारव

घाईत वाचलं, नंतर सावकाश वाचेन. एकच शंका. बुबुळाच्या अगदी मागं, पुढच्या भागात गाठ असेल तर? आमच्या ओळखीच्या गृहस्थांना सांगितलंय की 'साध्या बी-स्कॅनमध्ये नीट येत नाही, यूबीएम करून या'.

गोदाकाठचा

बरोबर सांगितलंय. १० मेगाहर्ट्झच्या प्रोबला अगदी नाकासमोरचं दिसत नाही. यूबीएम ही डोळ्याच्या पुढच्या भागाची सोनोग्राफीच, त्यात ३५ ते ५० मेगाहर्ट्झ वापरतात. चित्र इतकं बारीक की बुबुळाचे थर मोजता येतात, पण आवाज ४-५ मिलिमीटरच्या पुढं जात नाही. कॅनडात टोरोंटोला पाव्हलिन आणि फॉस्टर यांनी १९९० च्या सुमाराला हे डोळ्यासाठी उभं केलं. बुबुळामागच्या सिलिअरी बॉडीत गाठ आहे की नुसती पाण्याची पुटकुळी, हे त्यात चटकन कळतं. पुटकुळ्याच जास्त निघतात, गृहस्थांना तेवढा धीर द्या. डोळ्यावर पाण्याची छोटी वाटी बसवून करतात, आधी थेंब टाकून डोळा बधिर करतात.

जोंधळा

अजून एक. गावातल्या पोटाच्या सोनोग्राफी सेंटरवर डोळ्याचं होतं का? जवळ पडतं म्हणून विचारलं.

रेडिओ_लातूर

होऊ शकतं, मान-थायरॉईड बघायचा लिनियर प्रोब चालतो. पण मशीनमध्ये डोळ्याची सेटिंग निवडलीच पाहिजे. आवाजाच्या ताकदीची जी मर्यादा असते, मेकॅनिकल इंडेक्स, ती इतर अवयवांना १.९ आणि डोळ्याला फक्त ०.२३ आहे. पोटाच्या सेटिंगवर डोळा बघायचा नाही. गाठीचा संशय असेल तर तिथं फक्त 'आहे का नाही' एवढं कळेल. मापं आणि आतला पोत डोळ्याच्या मशीनवरच.

हरवलेली_पाटी

अपडेट देते. एक्स-रे झाला, छातीचे डॉक्टर म्हणाले सीटी करू. डोळ्यातल्या गाठीसाठी हैदराबादची तारीख मिळाली आहे, रात्रीच्या गाडीनं निघू. गोदाकाठ दादा, सोबत काय काय घेऊ? बी-स्कॅनचं प्रिंट आहे, भावानं त्याच्या दोन झेरॉक्स काढल्यात आणि ओरिजिनल लॅमिनेशनला द्यायचं म्हणतोय.

गोदाकाठचा

पाटीताई, भावाला आत्ताच्या आत्ता फोन लावा! ते बी-स्कॅनचं प्रिंट बहुतेक थर्मल कागदावरचं असतं. लॅमिनेशनच्या उष्णतेनं पूर्ण काळं होईल. झेरॉक्समध्ये राखाडी छटा मरतात, त्याचा उपयोग नाही. मोबाइलवर उजेडात सरळ फोटो काढून ठेवा, ओरिजिनल साध्या कागदी पाकिटात, प्लास्टिकच्या पाउचमध्ये नको, उन्हात नको. जमलं तर जिथं स्कॅन झाला तिथं पेन ड्राइव्ह घेऊन जा आणि डोळा हलवतानाची क्लिप मागा, बऱ्याच मशीनमध्ये साठवलेली असते. आणि बाबांचे क्षयाच्या वेळचे जुने कागद मिळाले तर ते वर ठेवा, स्कॅनच्या पण वर.

हरवलेली_पाटी

थांबवलं. दुकानात पोचला होता. क्लिप आहे म्हणाले, सकाळी दहाला बोलावलंय.